लाइनवर नवा ड्रायव्हर

ट्रक ड्रायव्हरच्या नोकरीचे अंतरानुसार तीन प्रकार पडतात. पहिला लोकल. सकाळी गाडी काढायची, शहरातल्या शहरात चार ठिकाणी माल टाकायचा आणि रात्री घरी जेवायचे. दुसरा लांब पल्ल्याचा. भिवंडीहून निघालेला माणूस गुवाहाटी करून परत येईपर्यंत त्याचा मुलगा पुढच्या इयत्तेत गेलेला असतो. तिसरा या दोहोंमधला, प्रादेशिक. यात गाडी महाराष्ट्र आणि फार तर शेजारचे गोवा, कर्नाटक, गुजरात एवढ्या पट्ट्यात फिरते. एक खेप साधारण तीनशे ते सहाशे किलोमीटरची असते. 'आठवड्यातून दोनदा घरी' असे मालक नोकरी देतानाच सांगतो, आणि हे सांगताना तो खोटे बोलत नसतो. गाडी आठवड्यातून दोनदा ड्रायव्हरच्या घरावरून जातेच. थांबायला वेळ नसतो, इतकेच.

या नोकरीला माणूस लागतो तो गाडी चालवायला. प्रत्यक्षात गाडी चालवणे हे त्यातले सर्वांत थोडे काम आहे, हे त्याला पहिल्याच खेपेत कळते. उरलेल्या कामांची क्रमवार माहिती पुढे दिली आहे.

पात्रता

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मालवाहू वाहन चालवणाऱ्याचे वय किमान २० वर्षे लागते. त्याआधी हलक्या वाहनाचे लायसन निदान वर्षभर खिशात असावे लागते. शिवाय डॉक्टरचा दाखला, ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि आरटीओची परीक्षा. पूर्वी आठवी पास असण्याचीही अट होती. ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यानंतरच्या ड्रायव्हरला ई-वे बिल, फास्टॅगचे मेसेज, ऑनलाइन चलान आणि डॅशबोर्डवरचे इंग्रजी इशारे एवढे सगळे वाचावे लागते, हे पाहता अट काढण्याऐवजी बारावीपर्यंत वाढवली असती तरी चालले असते.

परीक्षेच्या मैदानात गाडी रिव्हर्स घेताना मागे कोणी नसते. नोकरीतल्या पहिल्या रिव्हर्सला मागे एक हातगाडी, दोन रिक्षा, एक झोपलेले कुत्रे आणि सल्ला देणारे अकरा जण असतात. अकरापैकी सहा जण गाडी डावीकडे काप म्हणतात, पाच जण उजवीकडे. ज्याला गाडी चालवता येते असा त्यांच्यात एकही नसतो. सगळ्यांत शहाणा निर्णय कुत्रा घेतो आणि उठून जातो.

लायसनखेरीज अनुभव लागतो. पूर्वी तो क्लीनरकीतून मिळे. पोरगा उस्तादाच्या गाडीवर चढायचा आणि काचा पुसणे, लोखंडी टॉमीने टायर ठोकून हवा ओळखणे, चहा आणणे, ताडपत्री ओढणे, चढावर गाडी थांबली की चाकामागे दगड टाकणे असे विषय घेऊन काही वर्षे काढायचा. मग एखाद्या रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद म्हणायचा, "ये, बस." हा पदवीदान समारंभ. टाळ्या नसायच्या, पहिल्या चुकीला टपली असायची. आता बहुतेक मालकांनी पगार वाचवायला क्लीनर काढून टाकला आहे. भोसरीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्टसारख्या ठिकाणी रीतसर प्रशिक्षण मिळते, पण तिथवर पोचणारे थोडे. बाकीच्यांच्या वाट्याला प्रमाणपत्र येते आणि टपली राहून जाते. तिची उणीव पुढे गाडीचे बंपर भरून काढतात.

मुलाखत

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातली मुलाखत उभ्याउभ्या होते, कारण दुसरी खुर्ची मोडलेली असते. पहिला प्रश्न गावाचा. दुसरा, गावातल्या कोणाला ओळखतोस. तिसरा, आधीची गाडी का सोडलीस. याचे उत्तर 'घरी अडचण होती' असे द्यायचे असते, आणि मालकानेही ते मान्य करायचे असते. चौथा प्रश्न, दारू पितोस का. या प्रश्नाला होकारार्थी उत्तर आल्याचे ऐकिवात नाही. लग्नाच्या प्रश्नावर मालकांमध्ये दोन पंथ आहेत. एका पंथाला लग्न झालेला माणूस हवा असतो, कारण त्याला पैशांची गरज असते. दुसऱ्याला बिनलग्नाचा हवा असतो, कारण तो सुट्टी मागत नाही. दोन्ही पंथांत पगार सारखाच आहे.

मग चाचणी. जुना ड्रायव्हर शेजारी बसतो आणि गाडी नाक्यापर्यंत नेऊन आणायची असते. निकाल मात्र गाडी हलण्याआधीच लागलेला असतो. ज्याने आधी टायर पाहिले, खाली वाकून ऑइल गळते का ते पाहिले आणि पायरीला हात लावून मग वर चढला, त्याला नोकरी मिळते. ज्याने आधी टेप चालतो का ते पाहिले, त्याला "कळवतो" मिळते. दिवाळीच्या तोंडावर ड्रायव्हर मिळेनासे झाले की टेपवाल्यालाही नोकरी मिळते.

गाडीची ओळख

सर्वांत नव्या माणसाला सर्वांत जुनी गाडी देण्याची पद्धत सगळीकडे आहे. आधीचा ड्रायव्हर गाडी सोपवताना तिचे दोष सांगत नाही, सवयी सांगतो. डाव्या दाराची काच हाताने धरून वर न्यायची. दुसरा गिअर पडत नाही, त्याला आधी तिसरा दाखवायचा. डिझेलचा काटा अर्ध्यावर असला म्हणजे टाकी पाव आहे असे समजायचे आणि पावावर असला तर समजत बसायचे नाही. हॉर्न उत्तम आहे.

गाडी चाकांवरून ओळखतात: सहाचाकी, दहाचाकी, बाराचाकी, चौदाचाकी. दहाचाकी गाडीचे मालासह एकूण वजन २५ टनांपर्यंत असावे असा नियम होता. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ही मर्यादा साडेअठ्ठावीस टन केली. माल भरून देणाऱ्यांनी त्याआधीच ती मनोमन वाढवलेली असल्यामुळे त्यांना फारसा फरक जाणवला नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे. माल व्यापाऱ्याचा, गाडी मालकाची आणि पावतीवर सही ड्रायव्हरची, अशी त्यातली वाटणी आहे.

एअरब्रेकची गाडी चावी फिरवली की लगेच हलत नाही. टाकीत हवा भरेपर्यंत इंजिन चालू ठेवून थांबावे लागते. तेवढ्या वेळात उदबत्ती होते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना डिझेलबरोबर युरियाचे द्रावणही लागते. ड्रायव्हर त्याला नुसते युरिया म्हणतात. ते संपले तर गाडी बंद पडत नाही, पण अंगातली ताकद कमी करून घेते. सरकारी कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने 'नियमानुसार काम' आंदोलन करावे, तशी ती चालते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. नव्या ड्रायव्हरची गाडी त्याआधीची असते. चुकून नवी मिळाली, तर एसीचे बटण दाखवताना मालक त्याने डिझेल किती जाते तेही सांगतो. ते ऐकून घाम आपोआप सुकतो.

गाडीवर मालकाच्या मुलांची नावे रंगवलेली असतात. नवा ड्रायव्हर वर्षभर दुसऱ्याच्या मुलांचा आशीर्वाद कपाळी घेऊन हिंडतो आणि रंगकामाच्या उतरत्या क्रमावरून त्यांची वयेही त्याला कळतात. मागच्या बाजूला 'हॉर्न ओके प्लीज' असते. या तीन शब्दांमुळे लोक विनाकारण भोंगा वाजवतात, म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ मध्ये ते लिहायला बंदी केली. अनेक गाड्यांवर शब्द अजून आहेत. ज्यांवरून ते पुसले गेले, त्यांच्या मागचे लोकही पाठांतरावर भोंगा वाजवतात. बंपरखाली लिंबू-मिरची, काळी बाहुली किंवा जुनी चप्पल असते. अमावास्येला लिंबू बदलतात. ऑइल बदलायची तारीख एवढ्या काटेकोरपणे पाळली जात नाही.

कागद

गाडीचे कागद प्लॅस्टिकच्या फाइलीत असतात आणि फाइल देवाच्या फोटोमागे असते. त्यात आरसी, विमा, फिटनेस, परमिट, टॅक्स आणि पीयूसी असतात. ही झाली गाडीची जन्मपत्रिका. प्रत्येक खेपेचे कागद निराळे: ट्रान्सपोर्टची बिल्टी, व्यापाऱ्याचे बिल किंवा चलान आणि ई-वे बिल. आता सगळे मोबाइलमध्ये दाखवले तरी चालते. पण रात्री दोन वाजता हात दाखवणाऱ्या माणसासमोर मोबाइलची बॅटरी किती उरली असेल हे कोणीही सांगू शकेल. म्हणून फाइल टिकून आहे.

ई-वे बिलाची मुदत अंतरावर ठरते. २०२१ च्या सुरुवातीपासून साधारण २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे. हे गणित करणाऱ्याने कसारा घाटात आडवा झालेला कंटेनर विचारात घेतलेला नाही. तो बाजूला होईपर्यंत बिलाचा दिवस सरत राहतो आणि ड्रायव्हर आधी मालकाला, मालक व्यापाऱ्याला, व्यापारी त्याच्या अकाउंटंटला फोन लावतो. अकाउंटंट जेवायला गेलेला असतो.

पूर्वी या कागदांच्या जोडीला जकातीची पावती असे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईच्या वेशीवरचे जकात नाकेही बंद झाले. टोलच्या सुट्ट्या पैशांचे भांडण फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाल्यावर मिटले. आता फास्टॅगमध्ये पैसे नसल्याचे भांडण होते आणि त्यात मागच्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवून भाग घेतात.

माल भरणे

माल भरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. गोदामांचा माल भिवंडीला, लोखंड कळंबोलीला, कंटेनर न्हावा शेव्याला, गाड्यांचे सुटे भाग चाकणला, कांदा लासलगावला. प्रत्येक ठिकाणी गेटावर रजिस्टर असते. त्यात नाव, गाडी नंबर, मोबाइल आणि 'भेटीचे कारण' लिहावे लागते. वीस टनांची रिकामी गाडी घेऊन आलेला माणूस कोणत्या कारणाने भेटायला आला असेल, याविषयी वॉचमनला खरोखरच शंका असते. मोठ्या कारखान्यांत हेल्मेट, पिवळे जाकीट आणि बूट लागतात. चप्पल घालून आलेल्या ड्रायव्हरला आत सोडत नाहीत. रांगेतल्या पुढच्या ड्रायव्हरचे बूट त्याचे काम झाल्यावर मागच्याला मिळतात. अशा रीतीने एक जोडी दिवसभरात अनेकांची सुरक्षितता सांभाळते.

माल चढवतात हमाल. महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ चा कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना उभी केली, म्हणून या कामगारांच्या मजुरीला, भविष्यनिर्वाह निधीला आणि सुट्टीला ठिकाण मिळाले. शेजारी उभ्या ड्रायव्हरला हे सगळे ऐकून बरे वाटते. त्याच्याकडून घेतली जाते ती वाराई, म्हणजे गाडी भरण्या-उतरवण्याच्या वेळी गाडीवाल्याने मोजायची रक्कम. माल त्याचा नाही, गोदाम त्याचे नाही, मग पैसे त्याचे का, या प्रश्नावर वाहतूकदारांनी 'ज्याचा माल त्याचा हमाल' अशी मोहीम चालवली. घोषणा सर्वांना पटली आहे. वाराई चालू आहे.

माल भरला की वजनकाटा, आणि काट्यानंतर ताडपत्री. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये न शिकवलेला हा सर्वांत मोठा विषय. हौद्यावर चढून ताडपत्री पसरायची, फाळक्याकडून दोर ओढत पुढे यायचे आणि गाठ अशी मारायची की वाटेत सुटू नये व पोचल्यावर एका झटक्यात सुटावी. नव्या ड्रायव्हरच्या गाठीत हे दोन्ही गुण असतात, क्रम तेवढा उलटा असतो.

प्रत्येक मालाचा स्वभाव निराळा. कांद्याला वारा लागतो, ताडपत्री घट्ट बांधली तर तो आत घामाघूम होऊन सडू लागतो. लोखंडी कॉइल गोल असते आणि गोल वस्तूला उतारावर स्वतःची मते असतात, म्हणून तिला साखळदंड आणि खाली लाकडे लागतात. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातून वाशीच्या बाजाराला निघालेला हापूस पहाटेच्या आत पोचवायचा असतो आणि दणकाही बसू द्यायचा नसतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि पुढच्या पंधरा-एक वर्षांत त्या रस्त्याने या दोन अटी एकत्र पाळण्याचे जे शिक्षण दिले, ते दुसऱ्या कुठल्याही संस्थेत मिळाले नसते.

रस्ता

मालवाहू गाडीला महामार्गावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे आणि त्यासाठी वेगनियंत्रक बसवलेला असतो. दोन ट्रक, दोघांचे नियंत्रक ८० वर, आणि मागच्याला पुढच्याला ओलांडायचे आहे, अशी स्थिती आली की रस्त्यावर एक प्रदीर्घ सोहळा सुरू होतो. मागे मोटारींची वरात जमते. ओलांडणारा ड्रायव्हर खिडकीतून पलीकडच्याला गाव विचारतो. ओलांडून होईपर्यंत ओळख निघते आणि पुढच्या ढाब्यावर दोघेही थांबतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जड वाहनांनी डावी मार्गिका धरायची असते. ती रिकामी सापडली तर धरतातही.

शहरांना ट्रकचा माल हवा असतो, ट्रक नको असतो. त्यामुळे मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी आहे. नवा ड्रायव्हर जीव तोडून गाडी हाकतो आणि बंदी सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी वेशीवर पोचतो. जुना ड्रायव्हर वाटेत दोन तास झोपतो आणि बंदी उठताना पोचतो. माल दोघांचाही एकाच वेळी उतरतो. अनुभव म्हणजे काय, याची याहून स्वच्छ व्याख्या उपलब्ध नाही.

नकाशाच्या ॲपवर नव्या ड्रायव्हरची श्रद्धा असते. ॲपला जवळची वाट माहीत असते, पण गावच्या वेशीवरच्या कमानीची उंची माहीत नसते. बाईच्या आवाजातली ॲपची सूचना ऐकून गाडी गावात शिरते, विजेच्या तारेखाली थांबते आणि मग पूर्ण गाव तिला रिव्हर्स घ्यायला मदत करते. पूर्वी अशा वेळी क्लीनर मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचा आणि हौद्यावर थाप मारून थांबवायचा. आता मागे कॅमेरा आहे. त्यावर चिखल आहे.

घाट

सह्याद्रीमुळे महाराष्ट्रातल्या प्रादेशिक ड्रायव्हरला घाट चुकत नाही. मुंबईहून नाशिकला कसारा, पुण्याला बोरघाट. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा चढ लागतो आणि परत येताना बोगदा. रत्नागिरी-कोल्हापूरला आंबा घाट, चिपळूण-कऱ्हाडला कुंभार्ली, गोव्याच्या वाटेवर कशेडी. बोरघाटात जुन्या रस्त्याला शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते ठाणे, असे सांगतात. ड्रायव्हर तिथे नाणे टाकतात. इगतपुरीजवळ घाटनदेवी आहे. चढताना देवाची आठवण कमी येते, उतरताना जास्त, आणि यात शास्त्रीय कारण आहे.

घाटाचा जुना नियम असा: ज्या गिअरमध्ये चढला, त्याच गिअरमध्ये उतर. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते आणि ब्रेकला थोडेच काम उरते. उतारावर गाडी न्यूट्रल केली की ही पकड सुटते. सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, सारखे पेडल दाबून ते तापतात, तापले की पकडेनासे होतात, आणि टाकीतली हवाही संपत जाते. यालाच दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'ब्रेक निकामी झाल्याने' म्हणतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे नोव्हेंबर २०२२ मध्ये उतारावरून सुटलेल्या एका मालवाहू गाडीने डझनावारी वाहने ठोकरली.

एवढे ठाऊक असून न्यूट्रल का करतात, याचे उत्तर घाटात सापडत नाही, ऑफिसच्या वहीत सापडते. मालक गाडीला ठरावीक किलोमीटरला ठरावीक डिझेल देतो. याला एव्हरेज म्हणतात. एव्हरेज कमी पडले तर पगारातून कापतात, जास्त पडले तर शाबासकी मिळते किंवा वाचलेल्या डिझेलचे थोडे पैसे मिळतात. न्यूट्रलमध्ये उतरून वाचणारे डिझेल चहाच्या चार कपांचे असते आणि पणाला मागचा वीस टन माल लागलेला असतो. भिंतीवर 'सुरक्षित चालवा' अशी पाटी आणि टेबलावर एव्हरेजची वही, अशी मांडणी बहुतेक ऑफिसांत आहे. नवा ड्रायव्हर दोन्ही वाचतो आणि ज्यावर पगार ठरतो ते लक्षात ठेवतो.

फोन

पूर्वी गाडी निघाली की मालकाला ती परत येईपर्यंत काही कळत नसे आणि त्याची प्रकृती चांगली राहत असे. आता गाडीला जीपीएस आहे. मालकाच्या मोबाइलवर गाडी ठिपक्याच्या रूपाने फिरते आणि ठिपका थांबला की फोन येतो. नव्या ड्रायव्हरच्या पहिल्या खेपेतला संवाद ठरलेला असतो.

"का थांबलास?"

"शेठ, लघवीला."

"अजून?"

काही दिवसांनी ड्रायव्हर तयार होतो. घाटात रेंज नव्हती, ट्रॅफिक होते, टायर बघत होतो, ही तीन उत्तरे तो आलटून पालटून वापरतो. मालकही तयारच असतो. टायर कुठल्या बाजूचा, हे तो विचारतो आणि वहीत लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी तोच टायर आला तर पकडता यावे.

थांबणे

आता मुख्य कामाकडे येता येईल. प्रादेशिक ड्रायव्हरच्या दिवसाचा मोठा भाग थांबण्यात जातो. भरायला थांबणे, काट्याला थांबणे, बंदी उठायला थांबणे, उतरवायला थांबणे. यातले शेवटचे सर्वांत शास्त्रशुद्ध आहे. गाडी सकाळी सातला पोचते, गोदाम दहाला उघडते, साहेब अकराला येतात, साडेअकराला चहा, बाराला कळते की आतल्या डॉकवर आधीची गाडी आहे, एकला जेवण. तीनला साहेब विचारतात, "इतका उशीर का केला यायला?"

थांबण्याच्या या काळात ड्रायव्हर केबिनमध्ये संसार करतो. सीटमागच्या फळीवर झोपतो, दोन चाकांमधल्या सावलीत स्टोव्ह मांडतो, पाण्याच्या टाकीखाली आंघोळ करतो. आंघोळीला निदान टाकी सापडते. संडासाचे तसे नाही. कोट्यवधींचा माल उतरवून घेणाऱ्या अनेक गोदामांत ड्रायव्हरसाठी संडास नसतो. आतला स्टाफचा असतो आणि त्याला कुलूप असते. या गोष्टीत विनोद शोधूनही सापडत नाही.

जेवणाची बाजू त्यामानाने भक्कम आहे. धुळे-जळगावकडे शेवभाजी, नाशकाला मिसळ, कोल्हापुरात तांबडा-पांढरा, आणि जिथे काहीच नाही तिथे दालफ्राय. कुठल्या ढाब्याची डाळ पातळ आहे आणि कुठला ढाबेवाला रात्री गाडीवर लक्ष ठेवतो, ही माहिती छापील स्वरूपात कुठेही नाही. ती ड्रायव्हरकडून ड्रायव्हरकडे जाते आणि बहुतेक वेळा बरोबर असते.

माल उतरला की बिल्टीवर सही-शिक्का घ्यायचा. हीच पोच. पोच हरवली तर मालकाचे भाडे अडकते, म्हणून तिची जागा लायसनच्याही आतल्या कप्प्यात. त्यानंतर परतीचे भाडे शोधायचे. ते दलाल देतो. रिकामी गाडी परत आणणे म्हणजे डिझेल जाळणे, म्हणून भाडे मिळेपर्यंत पुन्हा थांबायचे. दलाल सकाळी "दुपारपर्यंत देतो" म्हणतो, दुपारी "संध्याकाळी नक्की" म्हणतो. संध्याकाळी फोन त्याची बायको उचलते.

हिशेब

खेप संपली की ऑफिसात हिशेब होतो. ॲडव्हान्स एवढा, डिझेल एवढे, टोल फास्टॅगमधून गेला. खर्चाच्या चिठ्ठीवर पंक्चर, वाराई, जेवण, पार्किंग आणि शेवटी 'इतर' असते. 'इतर' म्हणजे काय, हे मालक विचारत नाही आणि ड्रायव्हर सांगत नाही. रस्त्यावर ज्यांना ते दिले त्यांनी पावती दिलेली नसते. मग कापाकापी. मडगार्ड, आरसा, दोन पोती भिजली. पगार आणि भत्ता यांची बेरीज करून त्यातून हे सगळे वजा केले की उरते ती रक्कम पाहून ड्रायव्हर पुढच्या खेपेचा ॲडव्हान्स मागतो.

मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ ने ड्रायव्हरसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास असे माप घालून दिले. तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायांना लागू केला गेला. आपल्याकडे बहुसंख्य ट्रक अशा मालकांचे आहेत ज्यांच्याकडे मोजक्याच गाड्या आहेत, त्यामुळे कायदा आणि ट्रक यांची गाठ क्वचितच पडली. पैसे खेपेचे मिळतात, किलोमीटरचे मिळतात, तासांचे मिळत नाहीत. म्हणून थांबलेला वेळ कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही. व्यापाऱ्याला तो फुकट मिळतो, गोदामाला फुकट मिळतो आणि ड्रायव्हर तो रात्री झोप मोडून भरून काढतो.

मुरणे

नवा ड्रायव्हर जुना झाला, याची काही लक्षणे आहेत. त्याची गाठ सुटत नाही. तो गेटावर पोचतो तेव्हा बूट त्याचे स्वतःचे असतात. मालक "कुठं पोचलास" म्हणाला तर तो ठिपका पाहायला सांगतो. घाटमाथ्यावर गिअर पाडल्यावर शेजारच्याने एव्हरेजची आठवण केली, तर तो शेजारच्याला उतरून चालत यायला सांगतो. आणि नवा पोरगा गाडी घ्यायला आला की तो त्याला तिच्या सवयी समजावून देतो.

वाचकाने यातून घ्यायच्या गोष्टी थोड्या आहेत. भरलेल्या ट्रकच्या डाव्या बाजूने घुसू नये, तिथले ड्रायव्हरला दिसत नाही. उतारावर त्याच्या पुढ्यात येऊन ब्रेक मारू नये, तो लगेच थांबू शकत नाही. ज्यांचे गोदाम, कारखाना किंवा मोठे दुकान असेल त्यांनी आलेली गाडी वेळेत खाली करावी, थांबवली तर थांबल्याचे पैसे द्यावेत, आणि गेटाजवळ ड्रायव्हरसाठी एक नळ, एक बाक आणि एक संडास बांधावा. संडासाला कुलूप लावू नये.